काळी राहू दे रे देवा!

किस्से कोणी जमवत नाही. दिल्लीच्या धुळीप्रमाणे ते खिडक्या लावलेल्या असतानाही घरात साचतात. मयूर विहारमधील आमच्या घरी ते सूनबाई मुग्धाच्या मागोमाग येतात. ती फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमधील प्रयोगशाळेत पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचे सौरघट बनवते. काचेच्या पट्टीवर द्रावणाचा पातळ थर द्यायचा आणि तो तापवायचा. थर काळा, तर ऊन उत्तम शोषले जाते. दमट हवेने पिवळा पडला, की घट निकामी! आणि पट्टी टिकली नाही तर प्रकल्पाचा निधी बंद, मुग्धाची नोकरीही बंद.

हे ऐकल्यापासून आमची ही रोज देवापुढे हात जोडते: "पोरीची पट्टी काळी राहू दे रे देवा!"

असे मागणे त्या देवाकडे प्रथमच आले असावे.

*

मुग्धाचा सहकारी नेगी. थर टिकावा म्हणून त्याने द्रावणातले आयोडाइड कमी करून ब्रोमाइड वाढवत नेले. थर टिकला, परंतु तांबडा प्रकाश शोषेना आणि वीज घसरली.

प्रयोगशाळेचे प्रमुख चड्ढासाहेब मीटरकडे पाहत राहिले. "नेगी, तेरा घोड़ा मरता नहीं, मगर दौड़ता भी नहीं!"

*

रसायनशास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात नव्हे, स्वतः ग्रंथ वाचून शिकलो, आणि ते सांगण्यात मला संकोच नाही. एकदा जेवताना मी सुचवले, "तुमच्या द्रावणातले शिसे विषारी असते. त्याच्या जागी कथील योजावे."

"योजलं होतं, बाबा," मुग्धा म्हणाली. "शिशाइतकं विषारी नाही, पण जरा हवा लागली की मान टाकतं. वीजही बेताचीच."

"म्हणजे अगदी यांच्यासारखं!" भाजी वाढत ही म्हणाली.

*

अखेर मुग्धाने मूळ कृतीतील, ओलाव्यात न टिकणारे मिथाइलअमोनियम काढून फॉर्मामिडिनियम घेतले, त्यात चिमूटभर सीझियम आणि बेताचे ब्रोमाइड घातले. थर काळा, वीजही भरघोस!

निधी देणारे पाहुणे ऐन जूनमध्ये आले. मुग्धाने जुन्या आणि नव्या कृतीच्या पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी उघड्याच मांडल्या आणि मंडळी जेवायला गेली. तेवढ्यात एसी बंद पडला. पाहुणे उकाड्यात बसणार, हे चड्ढासाहेबांच्या आतिथ्याला कसे मानवावे? त्यांनी घरचा कूलर आणवला, काठोकाठ पाणी भरवले आणि टेबलाकडे तोंड करून सोडला!

मंडळी जेवून परतली, तो खोलीत गारवा आणि ओलावा. मुग्धा टेबलाकडे धावली. "सर, ये क्या कर दिया!"

जुनी पट्टी हळदीसारखी पिवळी पडली होती. नवी मात्र काळीकुळकुळीत!

ज्येष्ठ पाहुण्यांनी दोन्ही पट्ट्या निरखल्या, मग कूलर निरखला. "ह्युमिडिटी टेस्ट? वह भी हमारे सामने? बड़ी हिम्मत है, चड्ढासाहब! फंड पक्का समझिए."

चड्ढासाहेबांनी कोटाचे बटण लावले.

"जी. पानी में खस का इत्र भी डलवाया है."