आबांची तिसरी उडी

नवीन उडी, म्हणजे सायकल हवेत जावी म्हणून घातलेला मुरमाचा उंचवटा, बांधून झाली की आबा तिच्यासमोर चक्क पालथे पडायचे. हनुवटी मुरमात, एक डोळा मिटलेला, टोपी काढून बाजूच्या दगडावर. मग गुडघ्यांवर हात देत उठायचे, पाण्याची बाटली उघडायचे आणि उडीच्या माथ्यावर हळूच धार धरायचे. "पाणीले इचारू," असं म्हणायचे. आम्ही पंधरा-सोळा जण हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड, रंगीत चष्मे चढवून भोवती उभे असायचो. पाणी काय सांगतं हे आम्हाला एकालाही कळत नसे. ते दोन्ही अंगांनी सारखं उतरलं की आबा "चांगलं शे" म्हणून टोपी घालायचे. एका अंगाला पळालं की पुन्हा कुदळ.

आबा मृदसंधारणाच्या कामांवर मुकादम होते. पाणी डोंगरावरून हळू उतरावं म्हणून ज्या माणसाने आयुष्यभर बांध घातले, तो म्हातारपणी माणसं डोंगरावरून जोरात उतरावीत म्हणून उंचवटे घालत होता, आणि तेही तितक्याच गंभीरपणे. धरणगावच्या पुढे आमच्यातल्या एकाच्या मालकीची बरड टेकडी आहे. तिथे कुसळी गवताशिवाय काही येत नाही म्हणून आम्ही माउंटन बाइकची वाट काढली. वर खडकांची रांग, मग पुरुषभर उंचीचा कडा, दोन तीव्र वळणं आणि शेवटी तीन उड्या. आखणी धुळ्याच्या हर्षदाची. ती आम्हा सगळ्यांत पट्टीची सायकलपटू. बांधकाम आबांचं. वाटेच्या तोंडाशी पाटी होती: 'फक्त तरबेज चालकांसाठी'.

आता या पाटीपाशी मी काय करत होतो, हे तुम्ही विचाराल. मी पिंप्राळ्यात राहतो, जळगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. डॉक्टरांनी "थोडं चालत जा" असं सांगितलं होतं. ते मला कमीपणाचं वाटलं म्हणून मी सायकल घेतली. सहा महिने सपाट रस्त्यावर चालवली आणि स्वतःला तरबेज ठरवलं. त्या ठरावाला अनुमोदक मीच होतो.

आबांचा एक नियम होता. वाट चालवण्याआधी प्रत्येकाने त्यांच्याबरोबर ती पायी उतरायची. नुसती नाही, डोक्यावर मुरमाचं घमेलं घेऊन. घमेलं घेतल्यावर पाय आपोआप उतार ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. हर्षदासुद्धा दर वेळी घमेलं घेऊन उतरायची.

"मास्तर, आधी पायी उतरा. मंग सायकल," आबा म्हणाले.

"आबा, पायी उतरायचं असतं तर सायकल कशाला घेतली असती?" मी म्हणालो. सगळे हसले. विनोदाला हशा मिळाला की मला पुढचं दिसत नाही.

शिवाय माझा अभ्यास झाला होता. आदल्या दिवशी अकरावीच्या वर्गात प्रक्षेप्य गती शिकवताना मी आबांची तिसरी उडीच फळ्यावर काढली होती. वेग, कोन, अंतर, सगळं मांडलं. ठिपक्यांच्या सुंदर कमानीतून सायकल पलीकडच्या उतारावर अलगद टेकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावरच्या त्या सायकलस्वाराला भीती नव्हती, एवढं एकच पद मी गणितात धरलं नव्हतं.

"सर, हवेत जाताना पुढचा ब्रेक नका दाबू हां," हर्षदा म्हणाली.

"मी शिकवतो हे," मी म्हणालो आणि निघालो.

खडकांच्या रांगेत माझे दात एकमेकांवर वाजत होते. कडा उतरलो, असं म्हणण्यापेक्षा कडा संपला तेव्हा मी अजून सायकलवर होतो, असं म्हणू. वळणांनी स्वतःच मला वळवून घेतलं, इतकी आबांनी ती नेमकी बांधली होती. पहिली उडी झाली. दुसरी झाली. मी ओरडत होतो. खालच्यांना तो आनंद वाटला. मग तिसरी समोर आली. फळ्यावर ती वीतभर होती. इथे तिच्या माथ्यापलीकडे नुसतं आकाश दिसत होतं. त्या आकाशाकडे बघून माझ्या उजव्या हाताने, मला न विचारता, पुढचा ब्रेक करकचून दाबला.

सायकल राहिली आणि मी गेलो. कमान झाली, पण ठिपक्यांवरून नाही.

मनगट मोडलं हे मला लगेच कळलं. पण सगळे धावत आले तेव्हा मला मनगटापेक्षा चेहऱ्याची काळजी होती. "सर, काय झालं?" हर्षदाने विचारलं. आणि मी, वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, मुरूम थुंकत म्हणालो, "पलीकडचा उतार कमी पडलाय. कोन चुकलाय."

आबा धापा टाकत पोचले होते. "किती कमी शे, मास्तर?"

"चार-पाच अंशांनी."

आकडा दिला की खोटं आपल्या पायांवर उभं राहतं. आबांनी त्या उतारावर तळहात टेकवला, घोड्याच्या पाठीवर टेकवावा तसा.

तीन आठवड्यांनी हर्षदाचा फोन आला. "सर, आबांनी तिसरी उडी खणून काढली. कोणालाच विचारलं नाही. आणि सर, त्यांच्या गावात लोक बोलून राहिले की आबांचं काम फसलं, मास्तरचा हात मोडला. शेतातल्या बांधाची आखणी करायला यंदा कोणी त्यांना बोलावलं नाही."

मी म्हणालो, "सुरक्षितता महत्त्वाची असते." फोन ठेवला आणि प्लास्टरमधल्या हाताला एकदम खाज सुटली. तिथे बोट पोचत नाही, हे तुम्हाला माहीत असेल.

पुढच्या रविवारी गेलो. आबा एकटेच तिसऱ्या उडीच्या जागी बसले होते. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन खुंट्यांना बांधून पातळी बघत होते. चूक शोधत होते. नसलेली चूक तीन आठवडे शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"हात कसा शे, मास्तर?"

मी हाताबद्दल बोललो. हवेबद्दल, कपाशीबद्दल बोललो. माझ्या रक्तदाबाबद्दलही बोललो. मग विषय संपले.

"आबा, उतार बरोबर होता. मी ब्रेक दाबला."

त्यांनी नळीचं तोंड अंगठ्याने बंद केलं. "मी चाकनी घसर दखेल व्हती."

"चाकाची घसर पाहिली होती, मग बोलला का नाहीत? उडी का खणली?"

"मन्हा मनमा उनं, मास्तर मानूस शे. खोटं कसाले बोली?"

ते रागावले असते तर मी समर्थपणे सहन केलं असतं, मला सवय आहे. ते रागावले नाहीत. खुंट्या उपटत एवढंच म्हणाले, "गावमा सांगी द्या. तठे लोक म्हनतस, आबानं काम फसनं."

"पुढच्याच रविवारी सांगतो," मी म्हणालो.

उडी पुन्हा उभी राहिली, त्याच कोनात. मी एका हाताने कमरेवर घमेलं धरून वाट पायी उतरलो. हर्षदा पहिली उडाली, पलीकडे अशी टेकली की धूळसुद्धा हळू उठली. मी टाळ्या वाजवू शकलो नाही, प्लास्टर होतं.

आणि गावात? पुढच्या रविवारी लोक शेतात गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी कॉलेजची परीक्षा होती. तिसऱ्या रविवारी मी खरंच पारावर जाऊन बसलो. चहा आला. एकाने माझ्या हाताकडे बघून विचारलं, "आबानी उडीवरच मोडना ना हात?" मी "हो" म्हणालो आणि चहा प्यायलो. चहा गोड होता. आबांनी मला पुन्हा कधी आठवण केली नाही. दर रविवारी फक्त हात कसा आहे, ते विचारायचे. प्लास्टर निघाल्यावरही विचारायचे.

हिवाळ्यात आबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. मांडवात गाव बसलं होतं. बुद्धवंदना झाली, आबांच्या फोटोला फुलं वाहिली, आणि त्यांच्या मुलाने माइकवर सांगितलं, "आता जळगावचे सर दोन शब्द बोलतील." माझ्या खिशात दोन शब्द नव्हे, दोन पानं होती. श्रमाची प्रतिष्ठा, मातीशी नातं, असं बरंच काही. ती काढली आणि समोर बघितलं. पहिल्या रांगेत अक्का, आबांची बायको, पदर नीट करून ऐकायला बसली होती.

"मी पडलो, तो माझ्या चुकीने पडलो," मी म्हणालो. "ब्रेक मी दाबला. आबांचा उतार बरोबर होता. मी खोटं बोललो. हे इथे येऊन सांगायला आबांनी मला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही."

माझी खुर्ची कुठे आहे ते मला आठवेना. शेवटच्या रांगेत आबांच्या कामावरचे एक जुने सोबती बसले होते, कानाने अधू. त्यांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "काय बोलना मास्तर?"

शेजारी त्यांच्या कानात ओरडला, "आबानं काम बराबर व्हतं!"

म्हाताऱ्याने हात उडवला.

"ते तं माहीत शे. दुसरं काय बोलना?"