ढगे सरांचा तास

माझ्या मुलीनं कोणत्या हायस्कुलात जायचं, हे शेवटी एका वारलेल्या माणसानं ठरवलं.

आमचं घर कर्जत आणि माझं गाव यांच्या मधोमध आहे. सईची सातवी संपत आली होती आणि पुढं दोन शाळा होत्या, दोन्ही सरकारी. एक तालुक्याची, दुमजली. दुसरी माझ्या गावची, पत्र्याची. तिथंच मी शिकलो. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आणि ती ढगे सरांच्या गणिताच्या तासाची कमाई. त्यामुळे माझं मत आधीच ठरलेलं होतं. बायकोचंही ठरलेलं होतं, अगदी उलटं!

"तुमचं प्रेम हाय म्हनून पोरगी पत्र्याखाली बसवायची व्हय? तिच्या आयुष्याचा प्रश्न हाय!"

म्हणून मार्चमधल्या एका शनिवारी दोन्ही शाळा निष्पक्षपणे पाहायच्या ठरल्या. (निष्पक्षपणे म्हणजे, सईला वाटेत मी दोनदा उसाचा रस पाजला.)

सकाळी तालुक्याची शाळा पाहिली. सगळं चकचकीत! शिपायानं प्रयोगशाळेच्या बंद काचेतून सूक्ष्मदर्शक दाखवला.

"आत कधी जायचं?" सईनं विचारलं.

"मोडंल ना बाळा," तो म्हणाला.

"बघा, किती जपत्यात!" बायको म्हणाली. माझा एक गुण गेला.

गावच्या शाळेत पोचलो तेव्हा दुपार तापली होती. फाटक उघडं, मैदान ओस. शनिवारी शाळा सकाळची असते! ज्या शाळेत पाचवीपासून सहा वर्षं काढली, तिचं एवढंही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. वारा पडलेला होता, तरी घंटेसाठी टांगलेला रुळाचा तुकडा मंद गुणगुणत होता. झाडावर पाखरू नव्हतं. आमच्या चपलांचा आवाज भिंतीला आपटून परत येत होता आणि मला तो आमच्यापेक्षा जास्त माणसांचा वाटत होता.

आठवीचा वर्ग उघडाच होता. आत बाकांच्या रिकाम्या रांगा. फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: पट ४१, हजर ४१.

"पप्पा, सगळे हजर आहेत," सई हळूच म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला.

बायको शिंगणापूरची. तिच्या माहेरी घराला दारच नाही, त्यामुळे उंबऱ्यावर थांबणं तिला ठाऊक नाही. पण ती मागं नळावर पाणी प्यायला रेंगाळली होती. मी मात्र या वर्गात न विचारता कधी शिरलेलो नव्हतो. पाय उंबऱ्याशीच अडले आणि तोंडातून आपोआप निघालं, "आत येऊ का सर?"

"कुनाला इचारताय?" बायको नळावरून ओरडली. "आत काळं कुत्रं न्हाई!"

तेवढ्यात वर्गातला पंखा कुरकुरला. एक फेरा. दुसरा फेरा. आणि आतून आवाज आला, "या, या. बसा."

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी उंबऱ्याबाहेरच मांडी घातली.

"पप्पा, कोण आहे?"

"ढगे सर!"

"ते तर वारले ना?"

"वारलेच आहेत! मी तेराव्याला दोन वाट्या बुंदी खाऊन आलोय!"

"मागं कोण बोलतंय?" आतून आवाज आला.

"मी नाही सर!" मी ताडकन उभा राहिलो.

"हं, तूच सांग. अ अधिक ब, कंसाचा वर्ग किती?"

मग शांतता. सर माझ्यासाठी थांबले होते! मी हात जोडून म्हणालो, "अ वर्ग... अधिक ब वर्ग."

"चूक! बरेच जण इथंच चुकतात. मधलं दोन अब कुठं गेलं?"

माझा उजवा हात छडीसाठी आपोआप पुढं झाला.

बायको पदरानं तोंड पुसत आली, मला ओलांडून सरळ वर्गात शिरली आणि दाराशेजारच्या भिंतीकडं बघत उभी राहिली. तिथला माणूस मला उंबऱ्यावरून दिसणं शक्यच नव्हतं.

"अहो, टीव्ही हाय ह्यो!"

लॉकडाऊनमध्ये सरांनी घरी बसून धडे चित्रित केले होते. पडद्यावर सर होते, मास्क हनुवटीला, हातात खडू. सकाळी तास चालू असताना वीज गेली असणार, बटण तसंच राहिलं आणि वीज आल्यावर सरांनी धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

"आन् तुमी म्हनायचा, गणितात पैकीच्या पैकी!" बायको म्हणाली. माझा हात अजून पुढंच होता.

तिनं बटणाकडं हात नेला, तशी सई पहिल्या बाकावर जाऊन बसली. "मम्मी, थांब ना. उत्तर तर सांगू दे त्यांना."

धडा संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "मला हीच शाळा. तिथं सगळं कुलपात आहे. इथले सर वारले तरी शिकवतात."

बायकोनं पंखा बंद केला आणि जाताना पडद्याला हळूच नमस्कार केला.

आता सई आठवीत आहे. परवा शाळेवरून जाताना पत्र्याखालून तोच आवाज आला आणि मानेवरचे केस उभे राहिले. मी गाडी थांबवली. "बरेच जण इथंच चुकतात," सर म्हणाले.

आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "सईचे पप्पा!"