इंझोरीच्या ओटमधलं जादा फायबर

"अभिनंदन! आपण जिंकलो," कंपनीचे साहेब पुण्याहून फोनवर ओरडत होते. मी कामरगावला प्रवासी जीप भरायची वाट बघत बसले होते.

ओटच्या वाणांच्या चाचण्या घेणं हे माझं काम. हो, तोच ओट, जो शहरातली माणसं सकाळी तोंड वाकडं करून खातात. एकच बियाणं आम्ही कामरगाव, धनज आणि इंझोरीला पेरलं होतं. दाण्यात फायबर किती, हे थोडं वाण ठरवतो, थोडं पाणी, ऊन आणि पेरणीची वेळ. कोणाचा वाटा किती, हे कळावं म्हणून गावं वेगवेगळी. लॅबचा रिपोर्ट आला. कामरगाव, धनज साधारण. इंझोरीचं फायबर भलतंच जास्त.

"इंझोरीच्या मातीत जादू आहे," साहेब म्हणाले. त्यांनी इंझोरी फक्त मॅपवर पाहिली होती. "पुढच्या रब्बीत सगळं गाव ओटखाली आणा. फायबर कमी आलं तर माल घेणार नाही, एवढी अट करारात टाका."

म्हणजे जादू चालली तर कंपनीची, फसली तर माल शेतकऱ्याच्या गळ्यात. माझं डोकंच फिरलं. तशीच इंझोरीला गेले.

प्लॉट गुलाबरावांचा. फायबरची बातमी ऐकून ते पुढच्या रब्बीत हरभरा सोडून सगळ्या वावरात ओट पेरायला निघाले होते.

"काका, या प्लॉटमध्ये काही वेगळं केलं होतं का?"

"काहीच नाही बाप्पा. तुमी सांगतलं तसंच केलं. फक्त म्हैस व्याली, तवा एकडाव कापला."

"चाचणीचा प्लॉट कापला?"

"मंग? ओट म्हंजे चाराच ना. कापला का पुन्हा फुटते. तिले काय नुसतं वाळलं कुटार टाकू? पाहा, कसं दूध देऊन राह्यली!"

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी म्हशीचं कुठी इचारलं?"

जादू सापडली. कापल्यावर उशिरा फुटलेला ओट दाणे भरताना उन्हात सापडला. दाणा पोचट राहिला. आत पीठ कमी, साल तेवढीच. फायबर सालीत जास्त, म्हणून टक्केवारी चढली.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "ही कापणी आपण लागवडीच्या शिफारशीतच टाकली तर?"

"फायबर मिळेल, सर. धान्य मिळणार नाही."

करार बारगळला. गुलाबरावांनी हरभराच पेरला, ओटचा एक पट्टा म्हशीसाठी ठेवला.

आता प्लॉट निवडताना मी मातीआधी गोठा बघते.