आठ सालची बाटली

दीड महिना झाला. बँकेत काउंटरवर गर्दी होती आणि आप्पांचा फोन आला. "मिलिंद गेला. सावकाश ये, घाई करू नको." माझे वडील जन्मभर मुख्याध्यापक होते, वाईट बातमीसुद्धा ते वर्गातल्या सूचनेसारखी देतात. धाराशिवहून तेर काही फार लांब नाही, पण त्या दिवशी एसटीनं अंत पाहिला. खिडकीशी बसून मी रडत होते हे खरं, पण डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नानांनी मला आप्पांपासून एक गोष्ट लपवायला सांगितली होती. आता ती कायमचीच लपवायची की काय...

मिलिंदनाना माझे धाकटे चुलते. विशीत मुंबईला गेले, एका बड्या हॉटेलात ग्लास धुवायला लागले आणि तीसेक वर्षांनी त्याच हॉटेलातलं परदेशी वाइनचं कोठार सांभाळून निवृत्त झाले. त्यातही शँपेन हा त्यांचा खास प्रांत. कुठल्या सालची बाटली आज उघडायची, कुठली अजून दहा वर्षं झोपू द्यायची, कुणाकडून काय भावानं घ्यायची, हे मोठमोठे साहेब नानांना विचारून ठरवत. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "राहूनच गेलं बघ." आणि या माणसानं आयुष्यात एक थेंब घशाखाली उतरवला नाही. आमच्या आजीनं छप्पन्न साली पंचशील घेतलं, ते तिनं दोन्ही लेकरांकडून घटवून घेतलं होतं. नाना चव घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचे. "जीभ नोकरीला हाय, घसा न्हाय," असं ते मला सांगायचे.

आप्पांना हे पटत नव्हतं. विहारात वंदना आप्पा घेतात, गावात दारूबंदीच्या सभेत पहिलं भाषण त्यांचं. आणि सख्खा भाऊ काय करतो, तर दारू निवडतो! कुणी विचारलंच तर ते "हॉटेलात स्टोअरकीपर आहे" एवढं सांगून विषय बदलायचे. नाना सुट्टीला आले की दोघं पाऊसपाणी, पीकपाणी, आजीचं दुखणं सगळं बोलायचे, पण तुझं काम कसं चाललंय हे आप्पांनी एकदाही विचारलं नाही. नानांना ते लागायचं. मला एकदा म्हणाले होते, "सगळी मुंबई विचारती, दादा तेवढा विचारत न्हाय."

निवृत्त होऊन तेरला आले तेव्हा ट्रंकेत हॉटेलानं निरोपाला दिलेली एक बाटली होती. फ्रान्समधल्या एका जुन्या घराण्याची, दोन हजार आठ सालची. आप्पांनी दारातच सांगितलं, "ती घरात यायची न्हाय." आप्पांनी घराशेजारची जी जागा घेतली आहे तिच्यात एक जुनं पेव आहे, पूर्वी ज्वारी साठवायचे तसलं, वर अरुंद तोंड आणि खाली पोट असलेलं. नानांनी त्याच्यावरची शिळा बाजूला केली, दोन दिवस ते उघडं ठेवलं, आतली हवा कोंदट नाही ना म्हणून आधी कंदील सोडून बघितला आणि मग स्वतः शिडीनं उतरले. तळाशी वाळू पसरून बाटली तिच्यात आडवी निजवली. वर येऊन म्हणाले, "तिकडच्या तळघराएवढं गार न्हाय, पर वर्षभर एकसारखं ऱ्हातं. अंधार हाय, धक्का न्हाय. तिला आणिक काय लागतं?"

मग त्या शिळेवर बसून गप्पा मारायचा आमचा रिवाज पडला. मी दर रविवारी जायचे, नाना वही घेऊन बसायचे. शाळकरी दोनशे पानी वही, एकेका सालाला एकेक पान, सगळं मराठीत. "तिकडं लई थंडी," नाना सांगायचे. "दर साली द्राक्ष नीट पिकत न्हाय. मग चार सालांचा माल एकत्र करत्यात अन् बाटलीवर सालच लिहीत न्हाईत. एखादंच साल असं निघतं की त्याचं नाव लिहावं." मी विचारलं, म्हणून ती एवढी महाग का? तर म्हणाले, "त्यानं अन् थांबण्यानं. आधी ते लोक आठ-धा वर्षं तळघरात ठेवत्यात. मग घेणारे पिऊन टाकत्यात. जी उरती तिचा भाव चढतो." एकाच घराण्याची, एकाच आकाराची, तरी शहाण्णवच्या बाटलीला दोन हजार तीनच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त मोजायचे लोक, हेही त्यांनीच सांगितलं. का, तर शहाण्णवमध्ये आंबटपणाची धार होती आणि ती धारच तिला म्हातारी होऊ देत नव्हती.

"शहाण्णव म्हंजी आमची माय," नाना म्हणाले. "तोंडाची आंबट, पर शेवटपर्यंत ताठ. तीन साली तिकडं ऊन लई पडलं. फळ घाईनं पिकलं. चवीला मऊ, लगेच आवडणारी, पर लांब पल्ल्याची न्हाय. ती तू." मी फुगले. ते हसत राहिले. "दोन हजार दोनचं साल सगळ्यांनाच आवडतं, कुणाशी भांडण न्हाय. तसलं माणूस आपल्या घरात न्हाय."

"आणि आठ?"

"आठ म्हंजी दादा. आत सगळं हाय, पर इतक्यात उघडत न्हाय. थांबावं लागतं. बाटलीला आणिक धा-पंधरा वर्षं. दादाचं मला सांगता येत न्हाय."

गेल्या वर्षी नानांच्या छातीत पाणी झालं. सोलापूरच्या दवाखान्यात दोन महिने काढले, माझे रविवारही तिथंच गेले. आप्पा एक दिवसाआड जायचे, डबा न्यायचे, पेपर वाचून दाखवायचे. डिस्चार्ज मिळाल्यावर मी नानांना गाडीनं घरी आणलं. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघंही थांबलो. काचेच्या शोकेसमध्ये, आप्पांच्या आदर्श शिक्षक पुरस्काराच्या शेजारी, ती बाटली उभी होती. वाळू धुऊन, पुसून, लेबल पुढं करून. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट तिच्यावर येत होतं. आप्पा शेजारी उभे होते, निकाल लागायच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे. "पेवात पाणी शिरंल म्हणून काढली," ते म्हणाले. "म्हटलं, तुझ्या एवढ्या वर्षांच्या कामाची वस्तू. लोकांना दिसू दे. आलेल्यांना मी सांगतो, माझा भाऊ यातला जाणकार हाय."

नाना शोकेसजवळ गेले. काचेला हात लावला. ती गरम होती, मीही लावून पाहिली. "झ्याक दिसती, दादा," एवढंच बोलले.

आप्पा चहाचं सांगायला आत गेले तेव्हा मी पुटपुटले, "नाना, इतके दिवस उन्हात, तेही वैशाखाच्या..." त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. "गेली असंल," ते हळूच म्हणाले. "ऊन तिला सोसत न्हाय. दादा रागात होता तवर नीट होती बघ." आणि चक्क हसले. मग माझं मनगट धरून म्हणाले, "त्याला सांगू नको. जिथं ठिवलीय तिथंच ऱ्हाऊ दे." त्यानंतर नाना सात महिने जगले. रोज दुपारी शोकेससमोरच्या खुर्चीत बसायचे. कुणी आलं की आप्पा माहिती सांगायचे, चुकलं की नाना दुरुस्त करायचे. माझ्या चुलत्याला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

नानांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आप्पांनी ती वही वाचायला घेतली. मुख्याध्यापकच ते, लाल पेन हातात घेऊन वाचली. पुढच्या रविवारी मी गेले तर खिडकीला जाड पडदा लागला होता. "मिलिंदनं लिहिलंय, उजेड चालत न्हाय तिला," आप्पा म्हणाले. "आधी वाचायला पायजे होतं. अजून किती वर्षं ठेवायची गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पंधरा तर सहज, आप्पा." पाचवं शील नानांनी जन्मभर मद्याच्या कोठारात राहून पाळलं. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी आप्पांच्या तोंडावर मोडलं.

हे इथपर्यंत लिहिलं आणि कळलं की हे असंच पेपरच्या पुरवणीला पाठवता येणार नाही. आप्पा पुरवणी जाहिरातींसकट वाचतात. छापून आल्यावर कळण्यापेक्षा आपणच वाचून दाखवावं म्हणून काल तेरला गेले. नानांच्या खुर्चीत आप्पा बसले होते. मी वाचत गेले, दवाखान्यानंतरचा भागही वाचला. त्यांनी मधे थांबवलं नाही, एकही शब्द दुरुस्त केला नाही.

"ठाऊक असून बोलला न्हाय?"

"न्हाय, आप्पा."

"मला वाटलं, आवडलं त्याला."

"आवडलंच होतं. म्हणून तर बोलले न्हाईत."

आप्पांनी शोकेसकडं पाहिलं. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. चार वाजत आले होते, ऊन खिडकीच्या गजांपर्यंत पोहोचलं होतं. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि बाटलीवर ऊन यायच्या आत पडदा ओढून घेतला.