कोळंबीच्या पाठीतली रेघ

आमचे मेहुणे सीतारामराव म्हणजे एक वल्लीच! तीस वर्षं तंजावुरात भाताच्या गोदामावर तपासनीस. पोत्यात सळई खुपसल्याशिवाय आत भात आहे हे कबूल करायचे नाहीत. घरी माझ्या बहिणीनं सांबार वाढलं तरी आधी वास घेणार.

निवृत्त झाले ते शहाण्णव साली. तेव्हा कोळंबीचं वेड गावोगाव पसरलं होतं. यांनीही पट्टुक्कोट्टैच्या पुढं खाऱ्या पाण्याची दोन तळी घेतली. कोळंबीचं आतडं पाठीतून आरपार दिसतं बघा. पोट भरलेलं असलं की काळी रेघ. आषाढात ती रेघ तुटक दिसू लागली, पाण्यावर त्यांच्या विष्ठेचे पांढरे दोरे तरंगू लागले. मग मद्रासहून एक पूड आली. "यात आतड्याला बरे करणारे जंतू आहेत, कांजीत कालवून खाद्याला चोळा," एवढंच आणणाऱ्यानं सांगितलं.

पहिल्या तळ्याचं खाद्य राव स्वतः कालवत, दुसऱ्याचं तिथं कामाला असलेली नागलक्ष्मी. पंधरा दिवसांत दुसरं तळं सुधारलं, पहिलं होतं तसंच.

झालं! "माझ्या डब्यातली पूड चोरून ती आपल्या तळ्याला घालते. उद्या काढून टाकतो तिला," राव मला म्हणाले.

"तिचं घर त्या कामावर चालतं हो. आधी बघा तरी!"

सकाळी आम्ही दोघे झावळ्यांच्या कुडाआड लपलो. बाईनं कांजी उतरवली, निवू दिली, बोट बुडवून पाहिलं, मग पूड घातली. राव उडी मारून पुढे!

"किती घातलीस? खरं सांग!"

"मापानंच, अण्णा. तुम्ही कशी घालता?"

"उकळत्या कांजीत! औषध काय कच्चं द्यायचं?"

तिनं पदर तोंडाला लावला. "अय्यो अण्णा! उकळत्या दुधात विरजण घालता काय? ते जंतू जिवंत असतात, मरून जातात की!"

रावांना पटलं असेल? छे! दहा दिवस स्वतः बोट बुडवून कोमट कांजी केली. रोज एकेक कोळंबी उन्हात धरून पाहिली. अकराव्या दिवशी रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत भरलेली!

माफी मागण्यातले ते नव्हेतच. खाद्याच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली, म्हणाले, "आजपासून दोन्ही तळ्यांचं तूच कालव."

आणि ती कुलूप नीट लावते की नाही, ते बघत तिथंच उभे राहिले.