मिस्त्रींच्या हातची गाडी

मिस्त्रींना आपल्या कामाची घमेंड होती, हे आधीच सांगितलेलं बरं. गॅरेज पत्र्याचं, जमीन तेलानं काळीकुट्ट, बसायला जुन्या मोटारीची काढलेली सीट; पण तोरा असा की गिऱ्हाइकानं दबकतच आत यावं. ‘माझ्या हातची गाडी बंद पडत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘आणि पडलीच, तर चालवणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार.’ गिऱ्हाईक निमूटपणे ऐकून घ्यायचं, कारण गाडी खरंच सुधारायची.

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं असेल ते त्यांच्या बायकोनं. मुलीचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली, आणि बाईंनी त्या वयात गाडी शिकायचं मनावर घेतलं. मिस्त्रींनी एक छोटी निळी मोटार त्यांच्यासाठी नव्यासारखी करून दिली. चढावर ती हमखास बंद पडायची, की शेजारी बसलेले मिस्त्री सुरू! ‘गाडी माझ्या हातची आहे. तू काय केलंस ते सांग.’ ‘चुकलं हो माझंच,’ म्हणून ती हसायची आणि पुन्हा किल्ली फिरवायची. थट्टाच ती. दोघांनाही आवडायची.

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. मिस्त्री त्या दिवशी लांब कुठेतरी अडकलेल्या ट्रकपाशी गेले होते. ‘छातीत जरा दुखतंय, दाखवून येते,’ असं शेजारणीला सांगून ती एकटीच गाडी काढून दवाखान्याकडे निघाली. पुलाच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला उभी, आणि ही स्टीअरिंगवर डोकं टेकून, अशी लोकांना सापडली. मिस्त्रींनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला आणि भेटेल त्याला तोच सांगितला. ‘चालवता चालवता गेली हो. एका क्षणात. आणि जाताजातासुद्धा गाडी कशी नीट कडेला घेतली, बघा!’ एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर त्या माणसानं वर्ष काढलं. शेजाऱ्यांनी गाडी ओढत आणून अंगणात लावली होती. मिस्त्रींनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि पुन्हा तिच्याकडे फिरकले नाहीत.

मुलगी चार दिवसांसाठी आली तेव्हा त्यांनी मनातलं सांगितलं. ‘गाडी सुरू करून देतो. तू घेऊन जा. आईची आठवण राहील.’

मुलीचा चेहरा पडला. ‘नको बाबा. भंगारात देऊन टाका.’

‘भंगारात? आईची गाडी?’

‘वर्षभर पडून आहे ती. कशाला त्रास करून घेता? नका ना उघडू.’

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या पोरीनं असं बोलावं! आणि गाडी सुरू होणार नाही असं वर त्यांनाच सांगावं! त्यांनी ताडपत्री खेचून काढली.

किल्ली फिरवली तर काहीच नाही. बॅटरी मेलेली असणार, त्यात नवल ते काय. गॅरेजमधून भरलेली बॅटरी आणून लावली. आता दिवे लख्ख लागले. किल्ली फिरवली. टक. फक्त एकदा टक, आणि दिवे मंदावले. बॅटरीच्या तारांवर पांढरं साचलं होतं, ते घासून काढलं. टक. स्टार्टरला हातोडीच्या दांड्यानं दोन ठोके दिले. टक.

‘बाबा, जेवून घ्या. राहू दे आता,’ मुलगी दारातून म्हणाली.

‘तू आत जा गं! मधेमधे करू नकोस.’

त्यांनी स्टार्टर खोलून बाहेर काढला आणि थेट बॅटरीला जोडून पाहिला. तो मस्त गरगरला. म्हणजे स्टार्टर ठीक, बॅटरी ठीक. उरलं फक्त इंजिन. ते हातानं फिरतं का पाहायला त्यांनी पुढच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावला, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि सगळं वजन टाकलं. इंजिन तसूभरही हललं नाही. जाम झालं होतं.

वर्षभर उभी आहे, आत गंज धरला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर सगळ्यात आधी त्यांनी तेल पाहिलं असतं. गिऱ्हाइकांना तर ते त्यावरून फाडून खायचे. पण स्वतःच्या हातच्या गाडीत तेल नाही, असं त्यांच्या मनात तरी कसं येणार? आता तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. कोरडी ठणठणीत.

मिस्त्री गाडीखाली सरकले. तेल काढायचा नट जागेवर नव्हता. त्यांनी त्या भोकात बोट घातलं, तर बोटाला काळपट चिकट काहीतरी लागलं आणि त्यात धातूचा चमचमता कीस. तेलाशिवाय चाललेल्या इंजिनातच असा कीस निघतो. असली इंजिनं त्यांनी आयुष्यात कितीतरी पाहिली होती आणि त्यांच्या मालकांना चारचौघांत गाढव म्हटलं होतं.

मग त्यांना ती सकाळ आठवली. वर्षभर जणू कुणी पुसून टाकली होती. इतर गॅरेजवाले जुनं तेल काढतात आणि लगेच नवीन ओततात. मिस्त्री घरच्या गाडीचं तेल दिवसभर निथळू द्यायचे, शेवटचा थेंब पडेपर्यंत. तशा गाडीची एकुलती एक किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे चुकूनही कुणी सुरू करणार नाही. त्या दिवशीही त्यांनी नट काढून खिडकीच्या कट्ट्यावर टाकला, खाली घमेलं ठेवलं, किल्ली खिशात टाकली. तेवढ्यात ट्रकवाल्याचा फोन आला. घाईघाईत शर्ट बदलला आणि निघाले. मळका शर्ट खुंटीवर राहिला, किल्ली त्याच्या खिशात.

तिनं तिथूनच घेतली असणार.

म्हणजे आधी ती गेली आणि मग गाडी थांबली, असं नव्हतं. आधी गाडी थांबली. दवाखाना पुलाच्या पलीकडे, दिसेल इतक्या अंतरावर होता.

ते बाहेर आले तेव्हा मुलगी समोर उभी होती. बापाच्या तोंडाकडे पाहून तिनं मान खाली घातली.

‘तुला माहीत होतं,’ मिस्त्री म्हणाले.

‘गाडीला काय झालं ते माहीत नव्हतं, बाबा. आईचा फोन आला होता मला. म्हणाली, पुलापाशी बंद पडली, किल्ली फिरवली की नुसतं टक होतंय. मी म्हटलं, रस्त्यावर कुणाला तरी थांबव. हो म्हणाली. बोलत होती हो, चांगली बोलत होती. मग बोलायची थांबली.’

‘मला सांगितलं का नाहीस?’

‘तिनंच बजावलं होतं. बाबांना सांगू नकोस, दोन दिवस जेवायचे नाहीत म्हणाली.’ मुलीला हुंदका आवरेना. ‘आणि तुम्ही सगळ्यांना एका क्षणात गेली म्हणून सांगत होतात. कसं सांगू मी?’

मिस्त्रींनी तेलकट हात पँटला पुसले. ‘अजून काय म्हणाली?’

‘राहू दे ना, बाबा.’

‘सांग.’

मुलीनं डोळे पुसले. ‘म्हणाली, गाडी त्यांच्या हातची आहे, ती काही बंद पडायची नाही. चुकलं असेल माझंच काहीतरी.’

खिडकीच्या कट्ट्यावर, इतक्या दिवसांत कुणीच न हलवलेला, तो नट गंजून पडला होता. मिस्त्रींनी तो उचलला आणि गाडीचं दार उघडलं. तिच्या उंचीला जमेल अशी पुढे सरकवलेली सीट अजून तशीच होती. तिथं जमिनीवर गुडघे टेकून तो तोऱ्यातला माणूस मोठमोठ्यानं रडला. मुलगी उठवायला आली तरी उठेना. ‘तुझं काही चुकलं नव्हतं गं,’ एवढंच तो त्या रिकाम्या सीटला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.