आंघोळ घातलेली बंदूक

नवरा गेल्यावर एल्डा हौगनने एकच हट्ट धरला. मार्चमधल्या जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात दाराजवळचं टेबल हौगनांचंच राहायला हवं. अर्विदने हयातभर आपल्या जुन्या लष्करी रायफली त्या टेबलावर मांडल्या. शेजारी विणकाम घेऊन एल्डा बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला थर्मासमधली कॉफी पाजायची.

त्या हट्टाला तिने स्वतःच सुरुंग लावला.

नाताळआधीची साफसफाई चालली होती. जमिनी घासून झाल्या, पडदे वाळत पडले, आणि तिची नजर कपाटातल्या क्रागवर गेली. क्राग म्हणजे नॉर्वेच्या कारागिरांच्या डोक्यातून निघालेली आणि अमेरिकेच्या फौजेने खांद्यावर वाहिलेली रायफल. मिनेसोटातल्या त्या नॉर्वेजियन गावाला ती माहेरच्या माणसासारखी. तिच्या लाकडी दस्त्यावर कुणाकुणा शिपायांच्या तळहातांचा काळा थर बसलेला होता. ‘हिला पाणी लावायचं नाही’ असं अर्विद जन्मभर बजावत आला होता, पण जो माणूस स्वतःचे मोजे धुवायला टाकत नाही त्याचं बोलणं म्हणून एल्डाने ते कानाआड केलं होतं.

गरम पाणी, धुण्याचा सोडा, तारेची घासणी आणि वरून जवसाच्या तेलाचा हात. लाकूड ताज्या पावासारखं उजळलं. दस्त्यावर दाबून उठवलेला फौजेचा शिक्का मात्र त्या घासण्यात वाहून गेला.

प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लीलंड ब्रेक्के, अर्विदचा लहानपणापासूनचा मित्र, एकदा सहज डोकावला आणि कपाळाला हात लावून बसला.

“अगं, काय केलंस हे! सोलून काढलीस बिचारीला.”

“धुतली.”

“तेच ते! एल्डा, ही टेबलावर यायची नाही. हात न लावलेलीच रायफल मांडायची, हा आपला नियम.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “अक्रोडाच्या सालींचं पाणी आणि शेगडीची काजळी. दोन हात दिले की पुन्हा म्हातारी. कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

“मला कळेल की.”

“तू काय दवंडी पिटणार आहेस?”

“कुणी विचारलं तर सांगणार. रविवारी ज्या तोंडाने प्रार्थना म्हणते, त्याच तोंडाने शनिवारी खोटं बोलू?”

“मग घरी ठेव. बाकीच्या आण. ती स्वीडिश मॉझर आण. पण ही आणलीस तर टेबल गेलं. आणि तो नियम माझा नाही, अर्विदचाच आहे.”

हे शेवटचं तिला लागलं. दुसऱ्या दिवशी लेफ्सेचं, म्हणजे बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्यांचं, पीठ मळताना तिने देवाला विचारून पाहिलं. घरी ठेवणं सोपंच होतं. पण अर्विद क्राग नेहमी मधोमध ठेवायचा. ती कुठे गेली असं लोक विचारणारच, आणि तिला लपवून ठेवणं हेही खोटंच. देवाने काय सांगितलं कोण जाणे, पण एल्डा पिठाचे हात पुसून उठली ती ठरवूनच.

मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये टेबलं लागली. एल्डाने निळं कापड अंथरलं, क्राग मधोमध ठेवली आणि पुढ्यात पुठ्ठा उभा केला: ‘ही मी धुतली. एल्डा हौगन.’

लोक वाचत होते, हसत होते. एकजण म्हणाला, “आजी, माझा ट्रक धुवाल का?”

“आण की. पण तोही सोलून निघेल.”

दस्ता नळीला बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्याखाली बोटभर लाकूड घासणीतून सुटलं होतं, काळंभोर. ती पट्टा सरकवून दाखवायची. “इथे बोट ठेव. हे शिपायांचे हात. बाकीचं सगळं मी.”

माणसं बोट ठेवायची, आणि हसू आपोआप थांबायचं.

लीलंड गर्दीतून वाट काढत आला. “एल्डा, उचल ती.”

“तू उचल.”

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली.

“अर्विदचा नियम मोडतेस तू!”

“काजळी फासून फसवणाऱ्यांसाठी केला होता त्याने तो नियम. मी फासली का? फासायला कोण सांगत होतं, ते सांगू इथे सगळ्यांना?”

लीलंड कानापर्यंत लाल झाला. “पुढच्या वर्षी टेबल मिळायचं नाही तुला.”

“नको देऊस. दारात उभी राहीन. सत्तरीची विधवा, हातात रायफल, तुझ्याच दारात. चालेल?”

मागे कुणाला तरी हसता हसता लेफ्सेचा ठसका लागला. लीलंडने हात पुढे केला. आता उचलतोच, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याचा अंगठा पट्ट्याखालच्या त्या काळ्या जागेवर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

“कॉफी आहे?” त्याने विचारलं.

“आहे. साखर तुझी तू घाल.”

संध्याकाळी सगळे आपापल्या कापडांच्या घड्या करू लागले. एल्डाने रायफली गाडीत नेऊन ठेवल्या आणि कोट चढवला.

“अगं, तुझं कापड राहिलं,” लीलंड म्हणाला.

“राहू दे तिथेच. पुढच्या मार्चला लागेल.”

“वर्षभर? मळेल की!”

“मळू दे,” ती म्हणाली. “त्याला मी पाणी लावणार नाही.”